आर्मास केटोलाच्या रानातली वाट

हरणांच्या शिकारीचा मोसम संपून चार दिवस झाले होते आणि अजून धड बर्फ पडला नव्हता, तेव्हा आर्मास केटोलाचा फोन आला. आर्मास कधी फोन करत नसे. काही हवं असलं की जुना ट्रक काढून दारात यायचा आणि कुणी बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवत बसायचा.

"कॉरीन, घरीच आहेस ना?"

"आहे. काय झालं?"

"इकडे ये. एकटी ये. नवऱ्याला आणू नकोस."

मी गेले. आर्मास फाटकाशीच उभा होता. शहात्तर वर्षांचा माणूस, कमरेचं हाड एकदा मोडून जुळलेलं, तरी पाठ ताठ. त्याच्या मुठीत नारिंगी रंगाच्या प्लास्टिकच्या फिती होत्या.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"फिती."

"ते मलाही दिसतंय. माझ्या झाडांना कुणी बांधल्या? ओढ्यापासून मागच्या फाटकापर्यंत एक्केचाळीस निघाल्या."

"शिकारी बांधतात की. जखमी हरणाचा माग ठेवायला."

"शिकारी दर पन्नास पावलांवर बांधतो? आणि वर आकडे घालतो?" त्यानं एक फीत माझ्या नाकासमोर धरली. काळ्या शाईत लिहिलं होतं, सतरा. "तू त्या क्लबची सचिव. वाट तुमची. तर मला सरळ सांग, माझी जमीन कुणाच्या घशात घातलीस?"

मला राग आला. एकोणीस वर्षं मी ओल्सन मिल या आमच्या गावातल्या बर्फगाडी क्लबचे कागद सांभाळत होते. आमच्या गावापासून पलीकडच्या गावापर्यंत जी वाट जाते, तिच्यावरून हिवाळाभर हजारो बर्फगाड्या धावतात, आणि गावातलं मोटेल, पेट्रोल पंप, खानावळ, सगळं त्यांच्यावर चालतं. त्या वाटेतले दोन मैल आर्मासच्या रानातून जातात. एकतीस वर्षं दर नोव्हेंबरात क्लबचं कुणीतरी त्याच्या फाटकाशी जायचं, तो हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "बरं, या वर्षी जा." बस. सही त्यानं कधी केली नाही. मी सरकारी कागदावर 'तोंडी परवानगी' असं लिहून पाठवायचे.

"आर्मास, मी तुम्हाला किती वर्षं ओळखते?"

"म्हणूनच विचारतोय. अनोळखी माणसाला विचारलं नसतं, गोळीच घातली असती." तो हसला नाही. "राजधानीत कसला कायदा करतायत म्हणे. रेडिओवर ऐकलं. चाकाच्या गाड्या सोडणार सगळ्या वाटांवर, उन्हाळ्यात."

"विधेयक आहे नुसतं. कायदा नाही झाला अजून."

"आणि फिती आधीच बांधून झाल्या!"



त्याच आठवड्यात क्लबची बैठक झाली. आमची बैठक डेनिस ट्रेव्हॅरोच्या मोटेलमागच्या बारमध्ये भरते, कारण डेनिस अध्यक्ष आहे आणि कॉफी फुकट मिळते. डेनिसनं विधेयकाचा सारांश वाचून दाखवला. एरवी तो कुठलाही कागद दोन ओळींत उरकतो. त्या दिवशी चष्मा लावून, बोट फिरवत वाचत होता. राज्याच्या 'कायमच्या' यादीत असलेल्या सगळ्या वाटा बारा महिने खुल्या राहणार, बर्फगाड्यांना आणि जाड चाकांच्या रानगाड्यांनाही. जमीनमालकाला वाट बंद करायची असेल तर दोन वर्षं आधी लेखी कळवावं लागणार.

"दोन वर्षं?" माझा नवरा ग्लेन म्हणाला. ग्लेन वाट सपाट करायचं यंत्र चालवतो, आठ टनांचं धूड. "म्हणजे दोन वर्षं मालकानं आपल्याच रानात धूळ खात बसायचं?"

"म्हणजे दोन वर्षं माझ्या खोल्या उन्हाळ्यात रिकाम्या राहणार नाहीत," डेनिस म्हणाला. "मी काही लपवत नाही बाबा. मला चाकं हवीत. तुलाही हवीत, ग्लेन, फक्त म्हाताऱ्याला घाबरतोस."

त्याच्यासमोर एक नकाशा होता, हिरव्या रेघांनी भरलेला. असा नकाशा मी पाहिला नव्हता, आणि क्लबचे सगळे कागद माझ्याकडे येतात. मी वाकून पाहायला लागले तर त्यानं तो घडी करून खिशात घातला.

"आर्मासची वाट आहे का त्या यादीत?" मी विचारलं.

डेनिसनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तूच सांग," तो म्हणाला.

मला तो टोमणा वाटला. घरी येताना गाडीत मी ग्लेनला म्हटलं, "पाहिलंस कसा बोलला? यानंच काहीतरी केलंय."

"डेनिस तोंडाचा फाटका आहे, पण चोर नाही."

"मग नकाशा लपवला का?"

 आणि एकदा संशय आला की डोळ्यांना तेवढंच दिसायला लागतं. दोन दिवसांनी मी मोटेलच्या मागच्या अंगणातून मुद्दाम चक्कर मारली. ताडपत्रीखाली सहा गाड्या होत्या. एक कोपरा उचलून पाहिला, तर कोऱ्या करकरीत रानगाड्या, चाकांना अजून कारखान्याचे कागद चिकटलेले. मोटेलच्या काउंटरवरच्या पोरीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऑक्टोबरात कुणी सरकारी माणसं उतरली होती का गं?" ती म्हणाली, "हो की, दोघं होते. चार दिवस राहिले. रोज चिखल घेऊन यायचे बुटांना. डेनिसनं स्वतः नाश्ता करून घातला त्यांना."

झालं. माझ्या मनात सगळा हिशेब जुळला. मी तडक आर्मासकडे गेले आणि सांगितलं, "तुम्ही मला विचारलंत ना? हे डेनिसचं काम आहे."

आर्मासनं आधी फाटकाची कडी लावली. मग म्हणाला, "त्याच्या बापाबरोबर मी खाणीत होतो."

शुक्रवारी डेनिसकडे मासे तळतात आणि अर्धं गाव तिथं जेवतं. आर्मास त्या संध्याकाळी आला, टोपीसुद्धा काढली नाही. डेनिस दोन्ही हातांत ताटं घेऊन चालला होता, त्याच्या वाटेत उभा राहिला.

"तुझा बाप जमिनीखाली शिरायचा, पण उजेडात सांगून," आर्मास म्हणाला. "तू वर राहून भुयार खणतोस."

"काय बोलताय, आर्मास? बसा. मासे गरम आहेत."

"तूच खा. वाट बंद. आजपासून."

 डेनिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं ताटं खाली ठेवली आणि आर्मासकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या बटाट्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी आर्मासनं दोन मोठी स्प्रूसची झाडं पाडून दोन्ही फाटकांशी आडवी टाकली आणि पुढे शंभर पावलांवर लाल पाट्या लावल्या, कुणी अंधारात आदळून मरू नये म्हणून. आठवड्यात पाट्या कुणीतरी उपटल्या. आर्मास म्हणाला डेनिसची माणसं. डेनिसची माणसं म्हणाली, म्हाताऱ्यानं स्वतःच काढल्या, आरोप करायला. कुणी म्हणालं, आर्मासनं रान शिकागोच्या कुठल्याशा वकिलाला विकलंय, म्हणूनच नाटक चाललंय. ग्लेनला वीस मैलांचा वळसा घालून गावच्या रस्त्याकडेनं वाट काढावी लागली. लोक किराणा दुकानात माझ्याशी नेहमीसारखे बोलायचे, पण मी पाठ फिरवली की गप्प व्हायचे. निदान मला तसं वाटायचं.

जानेवारीत राजधानीत आमदारांच्या समितीसमोर विधेयकाची सुनावणी ठरली. जो येईल त्याला बोलता येणार होतं. आर्मासचा ट्रक एवढा लांब टिकणारा नव्हता. तो माझ्या दारात आला, हॉर्न वाजवला.

"तू जाणार आहेस राजधानीला?"

"जाणार. डेनिसही जाणार आहे, चाकांच्या बाजूनं बोलायला. मी तुमच्या बाजूनं बोलेन."

"मग मी तुझ्या गाडीतून येतो."

"या ना. मला सोबतच होईल."

"सोबतीला नाही येत. तिथं तू काय बोलतेस ते मला ऐकायचंय."

पहाटे पाचला निघालो. आर्मासनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि स्वतःच्या कॉफीचा थर्मास आणला होता. मी माझी कॉफी पुढे केली तर म्हणाला, "माझी आहे." मोठा पूल ओलांडेपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता, जणू मी कुठं भलतीकडेच वळवीन. पुलावर वारा एवढा होता की ट्रक एका लेनमधून सरपटत चालले होते.

"आता आपण पुलाखालच्या राक्षसांत आलो," मी म्हटलं. पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या लोकांना आमच्याकडे असंच म्हणतात.

"राक्षस बरे," तो म्हणाला. "त्यांना शिंगं असतात. ओळखू येतात."

समितीची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. भिंतीशी खुर्च्या, पुढे अर्धगोलात आमदार, मध्ये पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. कोपऱ्यात डेनिस, लग्नातला सूट घालून. त्यानं आम्हाला पाहून मान हलवली. आर्मासनं उलट हलवली नाही. दाराशी कार्ड भरून द्यायचं होतं, बोलणार की नाही. मी भरलं. 'विरोधात' असं लिहिलं, ठळक.

डेनिस आधी बोलला. साधं बोलला. गावात पूर्वी तीन शाळा होत्या, आता एक आहे. हिवाळ्यात बर्फ उशिरा येतो, लवकर जातो. चार महिन्यांवर बारा महिने जगता येत नाही. "मी सहा रानगाड्या घेऊन ठेवल्यात," तो म्हणाला. "कायदा झाला नाही तर त्या कोंबड्यांना बसायला देईन." लोक हसले. मी हसले नाही, पण मनात म्हटलं, गाड्यांचं यानं स्वतःच सांगितलं की.

मग आर्मासला बोलावलं. टेबलाशी बसायला सांगितलं तर उभाच राहिला.

"मी आर्मास केटोला. माझ्या रानातून एकतीस वर्षं बर्फगाड्या जातायत. बर्फावरून गेलेली गाडी एप्रिलमध्ये वितळून जाते. चाकाची गाडी जूनमध्ये ओढ्याकाठी गेली की तिची खाच माझ्या मरणानंतरही राहील. पण मी ते सांगायला नाही आलो. मी वाट दर वर्षी दिली. दर वर्षी देतो, याचा अर्थ दर वर्षी मला 'नाही' म्हणता येतं. माझ्या झाडांना फिती बांधल्यात. म्हणजे माझं ते 'नाही' कुणीतरी काढून घेतलंय. कुठल्या कागदावर घेतलंत, तेवढं मला दाखवा. मग मी घरी जातो."

अध्यक्षबाईंनी बाजूला बसलेल्या, राज्यातल्या वाटा सांभाळणाऱ्या खात्याच्या माणसाकडे पाहिलं. तो तरुण होता, घाबरट, समोर संगणक. "कुठला जिल्हा? कुठली वाट?" त्यानं विचारलं. मग बराच वेळ बोटं चालवली. भिंतीवर नकाशा उमटला, तोच हिरव्या रेघांचा.

"ही वाट कायमच्या यादीत आहे, मॅडम. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आली. ओढ्यावरच्या पुलाच्या दुरुस्तीचा अर्ज होता. अर्जात 'कायमची' या चौकटीत खूण केलेली आहे. जमीनमालकाची संमती आहे, असंही नमूद आहे. म्हणून ऑक्टोबरात आमच्या माणसांनी मोजणी करून फिती बांधल्या."

"सही कुणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"क्लबच्या सचिवांची."

भिंतीवर कागद आला. माझी सही मला लांबूनच ओळखू येते. शेवटचं अक्षर मी उगाच लांबवते.

मला आठवलं, असं मी म्हटलं तर ते खरं होणार नाही. विसरलेच नव्हते. ती आठवण मी जिथं ठेवली होती तिकडे फक्त जात नव्हते. त्या जानेवारीत ओढ्यावरचा जुना लाकडी पूल ग्लेनच्या यंत्राखाली दबला. एक तुळई मोडली आणि आठ टनांचं धूड तिरकं होऊन लटकलं. ग्लेन दारातून उडी मारून काठावर आला. घरी आला तेव्हा त्याला बुटाच्या नाड्या सुटेनात, त्या मी सोडल्या. पूल नवा हवाच होता. अर्जात दोन चौकटी होत्या, हंगामी आणि कायमची. पुलाचं काम फक्त कायमच्या वाटांवर होणार होतं. मुदत दोन दिवसांत संपत होती आणि आर्मास कमरेचं हाड मोडून दूरच्या शहरातल्या हॉस्पिटलात पडला होता. मी खूण केली. म्हटलं, तो बरा झाला की विचारीन. तो बरा झाला. मी विचारलं नाही, कारण तो काय म्हणेल ते मला माहीत होतं.

नवा पूल पाहून तो म्हणाला होता, "सरकारला अक्कल आली म्हणायची." मी हसले होते.

"कॉरीन लाबोंते," अध्यक्षबाईंनी माझं कार्ड वाचलं. "आपण इथे आहात का?"

उठले तेव्हा डेनिसकडे नजर गेली. तो जमिनीकडे पाहत होता. तेव्हा मला कळलं की त्याला हे माहीत होतं.

मी टेबलाशी बसले. तीन मिनिटं असतात. मला एकही पुरेना आणि एकही सरेना. "ती सही माझी आहे," मी म्हणाले. "खूणही मीच केली. आर्मासची संमती नव्हती. मी त्यांना विचारलंच नव्हतं. पूल हवा होता म्हणून मी खोटं लिहिलं."

"आपण काय म्हणताय ते नोंदलं जातंय, हे आपल्या लक्षात आहे ना?" एका आमदारानं विचारलं.

"आहे. म्हणूनच म्हणते. आणि माझी एक विनंती आहे. कायद्यात असं लिहा की मालकाची सही मालकानंच करायची. क्लबच्या सचिवानं नाही. माझ्यासारखी चांगली बाई सुद्धा खोटं लिहू शकते, हे तुम्ही आत्ता पाहिलंत."

कुणीतरी खोकलं. आर्मास भिंतीशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो माझ्याकडे असा पाहत होता, जसं एखाद्या अनोळखी बाईनं त्याच्या घरात शिरून चूल पेटवली आहे.

गाडीतळावर डेनिस माझ्याजवळ आला. त्याचा श्वास थंडीत धुरासारखा निघत होता.

"नकाशा मला सप्टेंबरातच मिळाला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हाताऱ्यानं तुला गुपचूप होकार दिला असेल. नसेल दिला तर तू सांगशील. म्हणून बैठकीत सगळ्यांसमोर नकाशा खिशात घातला आणि तुला म्हटलं, तूच सांग. तू काही बोललीच नाहीस. मग मला वाटलं, हिच्या मनात काहीतरी आहे. म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही."

"मी आर्मासला तुझं नाव सांगितलं, डेनिस."

"ते मला माशांच्या दिवशीच कळलं." तो थोडा थांबला. "पाट्या मी नाही काढल्या हां. कुणी काढल्या तेही मला माहीत नाही. अजून शोधतोय."

"मला माफ कर."

"बघू," तो म्हणाला. "आज नाही."

परतीच्या वाटेवर आर्मासनं थर्मासातली उरलेली थंड कॉफी थोडी थोडी संपवली. मोठ्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावर संध्याकाळचा जांभळट उजेड होता. टोल नाक्याशी गाडी थांबली आणि त्यानं विचारलं,

"हॉस्पिटलात मला भेटायला आली होतीस. वेलचीचा पाव घेऊन. ते आधी की नंतर?"

"कशाच्या?"

"कशाच्या म्हणून मलाच विचारतेस?"

"नंतर," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी."

त्यानं मान डोलावली. त्याच्या घरापाशी मी गाडी थांबवली तर तो दार उघडून बसूनच राहिला, पाय बाहेर, पाठ माझ्याकडे. "डेनिस हरामखोर निघाला असता तर मला चाललं असतं," तो म्हणाला. "त्याच्याकडे मी लक्षच ठेवून होतो. तुझ्याकडे नाही ठेवलं." मग उतरून गेला.

ग्लेनला मी त्या रात्री सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी केलंस ना?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस?" आणि उठून लाकडं आणायला गेला. त्यानंतर कितीतरी दिवस मी एखादा कागद हातात घेतला की तो खांद्यावरून डोकावायचा. सहज डोकावल्यासारखा.

मी सचिवपद सोडलं. सोडलं नसतं तरी त्यांनी काढलंच असतं. खात्यानं क्लबला दोन वर्षं नवं काम देणार नाही असं पत्र पाठवलं. त्या हिवाळ्यात आर्मासची वाट बंदच राहिली. बर्फगाडीवाले वळसा घालून घालून कंटाळले आणि पुष्कळसे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. डेनिसच्या मोटेलबाहेर शनिवारीसुद्धा गाडी लावायला जागा मिळायची. तो मला समोर भेटला की टोपीला हात लावायचा, पण त्याच्याकडे जेवायला जायचं मला जमलं नाही.

विधेयक वसंतात मंजूर झालं. रानगाड्यांना बऱ्याच वाटा खुल्या झाल्या. डेनिसच्या गाड्या कोंबड्यांच्या वाट्याला गेल्या नाहीत. पण त्यात एक कलम नवं होतं. खासगी जमिनीवरची कुठलीही वाट मालकाच्या स्वतःच्या सहीशिवाय कुठल्याही यादीत जाणार नाही, आणि आधी गेलेल्या वाटांची मालकाकडून पुन्हा खात्री केली जाईल. ते कलम आर्मासमुळे आलं की माझ्यामुळे, की आणखी कुणामुळे, मला माहीत नाही. आर्मासची रेघ नकाशावरून पुसली गेली, एवढं मी स्वतः जाऊन पाहून आले.

पुढच्या नोव्हेंबरात दारात हॉर्न वाजला.

"वाटेच्या परवानगीचा खात्याचा कागद आलाय," आर्मास ट्रकमधूनच म्हणाला. "बारीक अक्षर आहे. माझे डोळे गेलेत. वाचून दे."

"मी?"

"तू कागदात काय काय करतेस ते मला माहीत आहे. दुसऱ्याचं माहीत नाही."

त्याच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मी वाचलं. चार पानं. प्रत्येक ओळ. मध्येच तो म्हणायचा, "हे पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायचे. एकदा त्यानं कागद माझ्याकडून घेतला, भिंग लावून तीच ओळ स्वतः वाचली, ओठ हलवत, आणि परत दिला. बरोबर वाचलं होतं मी.

"चाकं?"

"इथे चौकट आहे. 'फक्त बर्फ असताना.' खूण तुम्ही करायची."

"आणि मुदत?"

"एक हिवाळा. एकतीस मार्चपर्यंत. जास्त हवी असेल तर दुसरी चौकट आहे."

"नको." त्यानं पेन घेतलं. खूण केली, एवढी दाबून की कागद फाटायला आला. मग सही. नाव पूर्ण लिहिलं.

पाकीट बंद केल्यावर मी हात पुढे केला. "द्या, मी गावातच चालले आहे. टपालात टाकते."

"तुझ्या हातात?" तो म्हणाला. "मी टाकतो."

त्यानं कोट चढवला, ट्रक सुरू केला आणि टपाल कचेरीकडे निघाला. मी मागोमाग माझ्या गाडीनं. तिथं पोचल्यावर तो उतरला, पेटीसमोर उभा राहिला आणि पाकीट हातात धरून बराच वेळ तसाच राहिला. मी रस्त्यापलीकडे काच खाली करून बसले होते. थंडी आत येत होती. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"काय बघतेस?" तो ओरडला.

"टाकता की नाही ते!" मी ओरडले.

त्यानं पेटीचं झाकण उघडलं, पाकीट आत सोडलं, झाकण पुन्हा एकदा उघडून आत पाहिलं, आणि मग कुठं ट्रककडे वळला.